एकशे बेचाळिसावी सही

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. माझी कंबर आता अशी झाली आहे की एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात बायको एकटीच आहे, तीही तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईल.) तुझी प्रकृती उत्तम असेल, गुडघा कुरकुरत नसेल, वहिनींची साखर ताळ्यावर असेल, असं मी धरूनच चालतो. कारण मागच्या पत्रात हे सगळं मी पानभर विचारलं होतं आणि तुझं उत्तर आलं, "सर्व ठीक. कळावे." तीन शब्द. पाकिटावरचा माझा पत्ता त्याहून मोठा होता. जन्मभर घड्याळांचे बारीक स्क्रू फिरवून माणूस इतका काटकसरी होत असेल, तर मी त्या धंद्यात टिकलो नाही तेच बरं झालं. असो. या पत्राला कारण आहे, पण ते शेवटी. आधी सांगितलं तर तू तिथेच चष्मा काढून ठेवशील, आणि मग गेली सात वर्षं मी काय सोसलं ते कोण वाचणार?

तर मी अजून त्याच इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात आहे. टायरच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूने. (लोक विचारतात, कोश अजून संपला नाही का? जसं काही मी पानावर बसलोय आणि उठायचं नावच घेत नाही.) सात वर्षांपूर्वी एस या अक्षराचं वाटप झालं तेव्हा मी नेमका दोन दिवस रजेवर होतो. परत आलो तर टेबलावर एक रिकामा खोका आणि त्याच्यावर चिठ्ठी, 'सेट, क्रियापद.' समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळालं 'स्नीझ', म्हणजे शिंकणे. अर्थ एक. तो त्यांनी सकाळच्या चहाच्या आधी उरकला. त्या दिवसापासून आम्ही त्यांना शिंकवाले म्हणतो. पुढे त्यांना घोरणे, हुंगणे आणि फुरफुरणे मिळालं. नाकाचा सगळा कारभार त्यांच्याकडे आणि उरलेलं जग माझ्याकडे.

आता हे क्रियापद म्हणजे काय चीज आहे ते ऐक. मूळ अगदी साधं. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसायला लावणे. आपल्याकडच्या सदनात आणि परिषदेत जो 'सद्' बसलेला आहे तो याच कुळातला, म्हणजे लांबचं का होईना, नातं निघतं. मला वाटलं, चला, घरचंच माणूस आहे. 'बसवणे' असं लिहावं, खोका बंद करावा आणि पाचच्या ठोक्याला घरी जावं. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, सगळं जमून येत होतं. पण दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की हे बेणं कुठेही बसवून घ्यायला तयार आहे. सूर्य मावळला की सेट. सिमेंट धरलं की सेट. घड्याळ लावलं, सापळा लावला, आग लावली, तिन्हीकडे सेट. टेबल मांडलं तरी सेट, परीक्षेचा पेपर काढला तरी सेट, जहाजाने शीड उभारून प्रयाण केलं तरी सेट. आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, कारण आपण प्रत्येक काम वेगळं करतो. या लोकांनी एकच शब्द घेतला आणि घरातल्या एकुलत्या एका सुनेला राबवावं तसा त्याला राबवला. बरं, भांड्यांचा सेट म्हणतात ते नाम याचंच असेल म्हणावं, तर ते निराळ्याच घरातलं निघालं. ते लॅटिनमधून फ्रेंचच्या दारावरून आलं, आणि त्याचा मूळ अर्थ कुणाच्या तरी मागून जाणारी मंडळी. हे कळायला मला पाच महिने लागले. तोवर मी त्याला सख्खा भाऊ समजून त्याच खोक्यात ठेवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी तक्रार केली नसती. (केली असती. पण पत्रात नाही.) आमच्या मुख्य संपादकांना तू ओळखत नाहीस. आम्ही त्यांना पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणी काही बोलायचं नसतं. त्यांचा एक नियम आहे. दुसऱ्या कोशात बघून अर्थ लिहायचा नाही. जे काम त्या शब्दाने सांगितलं जातं, ते काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग पिवळ्या कार्डावर अर्थ लिहायचा आणि खाली, जिथे 'काम करणाऱ्याची सही' असं छापलं आहे, तिथे त्या माणसाची सही आणायची. सही नाही तर अर्थ नाही. जगात इतके कोश निघाले, पण लेखकाने शिंकणाऱ्याची सही घेतली असा हा एकटाच असेल. शिंकवाल्यांचं काय जातंय? शिपायाने तपकीर ओढली, शिंकला, सही केली, संपलं. घोरण्याचं कार्ड तर त्यांनी खुद्द पूर्णविरामांकडूनच भरून घेतलं, जेवणानंतरच्या सभेत. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ आहे. आणि मी? माझ्या खोक्यात एकशे बेचाळीस अर्थ मंजूर झाले. सात वर्षं मी पिवळी कार्डं आणि पेन घेऊन गावभर हिंडलो. वसुलीवाला समजून लोक मला बघून दारं लावून घ्यायला लागले.

सिमेंटचं सांगतो. शेजारच्या इमारतीची पायरी घालत होते, तिथे मी दुपारभर छत्री धरून उभा राहिलो. धरलं का, धरलं का, असं दर दहा मिनिटांनी गवंड्याला विचारत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्हीच पाय ठेवून बघा ना." मी ठेवला. धरलं नव्हतं. माझी चप्पल तिथेच राहिली. गवंड्याने मात्र मोठ्या मनाने सही दिली, पण त्याच सिमेंटच्या हाताने, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कार्डच धरलं. ते आता खोक्यात उभं राहत नाही, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. पूर्णविरामांनी ते कार्ड हातात तोलून बघितलं आणि म्हणाले, असं काम पाहिजे. सात वर्षांतलं हे एकमेव कौतुक, आणि तेसुद्धा गवंड्याचं.

केस सेट करण्याच्या अर्थाची हकीकत बायकोकडून ऐकू नकोस, ती वाढवून सांगते. बायकांच्या केशकर्तनालयात नुसतं बघत उभं राहणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात हे तिथल्या मालकिणीने मला स्पष्ट शब्दांत सांगितलं. बघायचंच असेल तर खुर्चीत बसा, म्हणाली. बसलो. दीड तासाने माझ्या डोक्यावर, जेवढे उरले आहेत तेवढ्या केसांच्या, सतरा गुंडाळ्या होत्या. तसाच कार्यालयात गेलो, कारण त्या दिवशी सभा होती. शिंकवाले इतके हसले की त्यांना खरोखरच्या शिंका आल्या. सूर्यास्ताच्या कार्डावर कोणाची सही घ्यावी हा प्रश्न तर दोन सभांमध्ये चर्चेला होता. मी गच्चीवरच्या रखवालदाराची घेतली, कारण सूर्य मावळताना तो तिथे हजर असतो. रखवालदार सूर्याचं काम करत नाही, असा शेरा मारून पूर्णविरामांनी कार्ड परत केलं. शेवटी वेधशाळेतल्या एका बाईंनी दया येऊन सही केली. हाड बसवताना बघायला इस्पितळात गेलो होतो. तिथे हाड पेशंटचं बसलं आणि फरशीवर मी. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सही दिली. ती त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर केली म्हणून मी तिला सही म्हणतो, एरवी ती कशाचीही खूण असू शकेल.

आग लावण्याच्या अर्थासाठी मी प्रथम अग्निशमन केंद्रात गेलो, ही माझी चूक. तिथल्या अधिकाऱ्याने, आग लावणाऱ्यांशी ओळख करून द्याल का, हा माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि माझं नाव, पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस कार्यालयात आले. ते गेल्यावर आमच्या शिपायाने मागच्या अंगणात रद्दी पेटवली आणि सही दिली. त्या रद्दीत शिंकवाल्यांची हुंगण्याची सगळी कार्डं होती, असं नंतर कळलं. मी त्या टोपलीत डोकावलोसुद्धा नव्हतो. (एकदा डोकावलो होतो.)

असं करत एकशे एकेचाळीस झाली. उरलं आहे एक. अर्थ असा, एखाद्याचे कान भरून त्याला दुसऱ्याविरुद्ध उठवणे. इंग्रजीत यालाही सेटच लागतं. मला वाटलं, हे तर हातचं काम. जगात याच्याइतकं सर्रास दुसरं काय चालतं? आमच्या राहत्या इमारतीतून खाली उतरेपर्यंत दहा सह्या मिळतील. अरे दादा, महिना झाला, एक नाही! तळमजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याची पाण्याच्या टाकीवरून अशी जुंपून दिली आहे की दोन्ही घरची माणसं जिन्यात भिंतीकडे तोंड करून चालतात. त्यांच्याकडे कार्ड नेलं तर म्हणाल्या, "मी? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात." वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, लोक आमच्याकडे आधीच उठून आलेले असतात, आम्ही फक्त बसू देत नाही. सोसायटीच्या सचिवांनी कार्ड उलटसुलट बघून त्यावर सोसायटीचा शिक्का मारून दिला आणि सही करायला नकार दिला. शिंकवाले तर रोज पावणेअकराला पूर्णविरामांच्या खोलीत जाऊन माझ्याविषयी काय बोलतात ते मला भिंतीतून ऐकू येतं. त्यांना मी सरळ म्हणालो, तुम्ही रोज करता ते हे काम, करा सही. ते म्हणाले, मी फक्त वस्तुस्थिती कानावर घालतो. शेवटी घरी येऊन मी कार्ड बायकोपुढे ठेवलं आणि म्हटलं, माझ्या बहिणीच्या बाबतीत तुझा या कामातला अनुभव दांडगा आहे. याला आज तीन दिवस झाले. जेवण मिळतं, पण ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज मोठा येतो.

दादा, जगात कान भरणारे इतके आणि सही करणारा एकही नाही. आग लावणारा सापडला, सूर्य मावळवणारी बाई सापडली, हे नाही. पंधरा तारखेला खोके छापखान्यात जाणार आणि तीस तारखेला मी निवृत्त होणार. ज्याची सगळी कार्डं सहीनिशी पूर्ण, त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं शब्दाच्या शेवटी कंसात छापतात. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, भिंगाशिवाय दिसायची नाहीत. पण तेवढीच माझी सात वर्षं आहेत. एक कार्ड जरी अपुरं राहिलं तरी सगळा खोका समोरच्या टेबलावर जातो. म्हणजे माझी चप्पल, माझे केस, माझी शुद्ध, सगळ्यावर शिंकवाल्यांची अक्षरं. हे मी जिवंतपणी बघू शकणार नाही. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण मला ती दोन अक्षरं हवी आहेत, हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

बाकी इकडे सगळं यथास्थित. वहिनींना नमस्कार सांग, नातवंडांना आशीर्वाद. उत्तर तीन शब्दांपेक्षा थोडं मोठं लिहिलंस तर हात दुखणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राला कारण आहे म्हणालो होतो, ते लिहायचं राहिलं. (राहिलं नाही. तीन वेळा लिहून फाडलं.) सोबत एक पिवळं कार्ड जोडलं आहे. आमच्या नियमावलीत एक पोटकलम आहे. काम जर कोशात काम करणाऱ्यानेच केलं असेल, तर त्याची स्वतःची सही चालत नाही, ज्याला ते भोगावं लागलं त्याची घ्यावी लागते. सापळा लावण्याच्या कार्डावर याच कलमाने उंदराच्या पायाचा ठसा घेतला होता, कारण सापळा मी लावला होता. कान भरण्याच्या कार्डावर तुझी सही हवी आहे. आता तू चष्मा काढणार, हे मला दिसतंय. काढू नकोस. बाबांच्या दुकानात तुझ्या डोळ्यावरचं भिंग बाबांनी काढून घेतलं आणि खणात टाकून खण बंद केला, तो दिवस आठव. 'बाबांचा हात थरथरतो, नाजूक घड्याळं माझ्याकडे देत जा, असं दादा गिऱ्हाइकांना सांगतो,' हे बाबांना आदल्या संध्याकाळी मी सांगितलं होतं. तू तसं कधी बोलला नव्हतास. टेबलावरचा दिवा बदलू या, एवढंच तू बाबांना म्हणाला होतास. तुला दुरुस्तीच्या बाकावर बसायला मिळायचं आणि मी मात्र पट्टे पुसायचो, एवढंच कारण होतं. एकोणीस वर्षांचा होतो हे काही उत्तर नाही, शिंकवालेही कधीतरी एकोणीस वर्षांचे असतील. आठ दिवसांत तू घर सोडलंस. पुढे तुझं चांगलं चाललं, म्हणजे मी तुझं भलंच केलं, असं मी स्वतःला अडतीस वर्षं पटवत आलो. गेल्या महिन्यात दारोदार ते कार्ड घेऊन फिरलो आणि प्रत्येक जण तोंड वर करून 'मी नाही' म्हणाला, तेव्हा ते आवाज मला ओळखीचे वाटले. मला लाज वाटते, दादा.

ता. क. २. तुला आत्याचा संशय आला, कारण आदल्या दिवशी दुपारी ती दुकानात बसली होती आणि तिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक. त्यानंतर तू तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. मी भेटायला गेलो की दर वेळी विचारते, थोरल्याला माझं काय खुपलं रे? आणि मी म्हणतो, त्याचा स्वभावच तसा. म्हणजे तुझ्याविरुद्धचं ते काम मी अजून थांबवलेलं नाही, दर भेटीत चालूच आहे. तू सही केली नाहीस तर सेट जाईल समोरच्या टेबलावर. जाऊ दे. शिंकवाल्यांची अक्षरं छापू देत, मी भिंग लावून बघणार नाही. पण आत्याला एक फोन कर. तिला खरं काय ते मी उद्या जाऊन सांगतो आहे, तेव्हा तू काही समजावून सांगायची गरज नाही. कशी आहेस, एवढं विचारलंस तरी पुरे.

ता. क. ३. सही करायची ठरवलीस तर कार्ड टपालाने पाठवू नकोस. अशा कार्डावर सही करणाऱ्याला पंधरा तारखेच्या आत स्वतः आमच्या कार्यालयात यावं लागतं आणि माझ्या समोर बसून सही करावी लागते. पूर्णविरामांचा तसा कडक नियम आहे. (असा कुठलाही नियम नाही. हा मी आत्ताच केला.)